पदराने पुसलेला नमुना

डॉ. हेमांगी रेडकरला कुणी विचारलं, की बाई, तुमच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, तर ती पटकन सांगायची, "टेबलाखालचे." समोरचा माणूस बुचकळ्यात पडायचा. सत्तावन्न वर्षांची ही बाई, पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख, दिल्लीचे अधिकारी जिची वेळ मागून घेतात, आणि ही म्हणते टेबलाखालचे! मग ती हसायची आणि सांगत सुटायची. एकदा सुरू झाली की तिला आवरणं कठीण.

वेंगुर्ल्यापासून दोन कोसांवर, खाडीच्या काठाला खुणवडे नावाचं गाव. तिथे केनवडेकरांचा काजूचा कारखाना. हेमाची आई त्या कारखान्यात कामाला होती आणि शाळा सुटली की हेमा थेट तिथे जायची. लांबलचक लाकडी टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, आणि टेबलांखाली त्यांच्या पोरी. वरून आया गराची चवड खाली सरकवायच्या, आणि पोरींनी बोटांनी त्यावरची तांबूस साल काढायची. बारक्या बोटांना ते छान जमायचं, गर तुटायचा नाही. हेमाच्या शेजारी तिची जिवाभावाची मैत्रीण शेवंता. दोघींच्या पैजा लागायच्या. वर बायका गाणी म्हणायच्या, एकीने ओळ सोडली की चाळीस जणींनी उचलायची. दिवसभर गाणं! मधूनच आईचा हात टेबलाखाली यायचा, काळा पडलेला, एरंडेल आणि राखेचा वास येणारा, आणि त्या मुठीत काजूची गरम गरम पाकळी असायची. हेमा ती अर्धी शेवंताला द्यायची.

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. म्हणून बायका कामाला बसण्याआधी हाताला एरंडेल चोळायच्या आणि वर सोडणाची, म्हणजे नारळाच्या काथ्याची, राख लावायच्या. तरी हात काळे व्हायचेच. आई जाऊन आता अठरा वर्षं झाली होती, पण तो वास हेमांगीच्या नाकातून गेला नव्हता. परदेशातल्या परिषदांमध्ये, मोठमोठ्या हॉटेलांत तिला मध्येच त्याची आठवण यायची.

तिने जे यंत्र बनवलं त्याचं मूळही तिथेच होतं, असं ती म्हणायची. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं हस्तवाचक. झालं! लोक तिला गमतीने हात दाखवायला लागले, पोरीचं लग्न कधी जमेल ते बघा म्हणून. पण यंत्राचं काम वेगळं होतं. माणूस एखादी वस्तू हाताळतो तेव्हा त्याचा घाम आणि कातडीच्या अतिसूक्ष्म पेशी त्या वस्तूला लागतात. घामात शरीरातली संप्रेरकं असतात. कष्ट केले की त्यातलं एक वाढतं आणि विश्रांती घेतली की उतरतं. पण जो माणूस महिनोन् महिने भीतीत काम करतो, त्याच्या शरीरात ते उतरतच नाही, आणि त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक मात्र आटत जातं. या दोघांचं प्रमाण मोजलं की कळतं, हात नुसता दमलेला होता की घाबरलेला. पेशींवरून हाताचं वयही कळतं, वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने. बाकीच्या वस्तूंवर हे पुरावे चार दिवसांत नासून जातात. काजूच्या बीवर मात्र ते राहतात, कारण टरफलाचं तेल त्यांना लोणच्यासारखं मुरवून ठेवतं. शून्य ते शंभर असा आकडा यंत्र देतं. साठच्या वर गेला की समजायचं, हा माल जबरदस्तीने काढून घेतलेला आहे.

जगभरच्या सरकारांनी या यंत्राचं स्वागत केलं. कुठल्या देशातला माल घ्यायचा आणि कुठला नाही, हे आजवर राजदूतांच्या अहवालांवर आणि एकमेकांच्या आरोपांवर ठरायचं. आता आकडा आला होता.

आणि आकडा आला तो कासोराचा. समुद्रापलीकडचा हा लहानसा देश, तिथे लष्कराची सत्ता, आणि तिथून पळालेले लोक सांगत होते, की विरोधकांच्या घरच्या बायकापोरांना काजूच्या बागांत राबवतात. भारतात येणारी निम्मी कच्ची काजू-बी कासोराची. आयात बंद करावी का, हे ठरवायला दिल्लीत एक समिती बसली होती. तिच्यासाठी घेतलेला सतरा क्रमांकाचा नमुना हेमांगीच्या प्रयोगशाळेत आला, आणि यंत्राने आकडा दाखवला, एक्क्याऐंशी. हातांची वयं नऊ ते एकाहत्तर.

नऊ! हेमांगी किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. तिला संताप आला. नऊ वर्षांच्या लेकराचे घाबरलेले हात. तिने त्याच दुपारी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला.

बातमी खुणवड्याला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"हेमा, मी शेवंता बोलतंय. आमचो कारखानो बंद करूक निघालंस म्हणान सगळे सांगतत. खरा काय गो ता?"

शेवंता आता त्याच कारखान्यात मुकादम होती. आवाज तसाच, खणखणीत.

"अगो, मी खंय बंद करतंय!" हेमांगी म्हणाली. "कासोरात बायकांका, पोरांका धरून राबवतत. त्येंचो माल घेवचो की नाय, इतकाच मी सांगतलंय."

"आमच्याकडे सगळो माल कासोराचो. तो बंद झालो की आमी चारशे बायका घरात बसतलंव. थयल्या बायकांचा तू बघतंस, मगे हयल्यांचा कोण बघतला?"

शेवंताने थोडी वाट बघितली आणि फोन ठेवला.

समितीचे अध्यक्ष होते रघुवीर सबनीस. चार देशांत राजदूत राहून निवृत्त झालेला, बोलायला गोड आणि विचार करायला कडक माणूस. त्या दुपारी ते पडद्यावर आले तेव्हा हातात चहाचा कप होता.

"डॉक्टरबाई, तुमचा मसुदा वाचला. एक्क्याऐंशी म्हणजे फारच झालं," ते म्हणाले. "पण मला एक सांगू द्या. मी एका देशात असताना तिथल्या गालिच्यांवर निर्बंध आले. मागांवर लहान मुली बसायच्या म्हणून. निर्बंध आल्यावर मुली मागांवरून उठल्या. कुठे गेल्या म्हणता? वीटभट्ट्यांवर. मी स्वतः बघितल्या."

"म्हणजे निर्बंध घालायचे नाहीत?"

"तसं कुठे म्हणतोय! दुसऱ्या एका देशात निर्बंधांनी तीन वर्षांत हुकूमशहा घरी गेला. तेही मी बघितलं. तिथल्या लोकांनी रस्त्यात नाचून आम्हाला मिठाई वाटली." त्यांनी कप खाली ठेवला. "निर्बंध कधी उपयोगी पडतात आणि कधी गरिबाच्याच पोटावर पाय देतात, हे आधी कळायची सोय नाही. समितीतले निम्मे लोक म्हणतात घाला, निम्मे म्हणतात कासोराचं बंदर आपल्याला हवंय, गप्प बसा. सगळे तुमच्याकडे बघतायत. तेव्हा एवढंच सांगा, तुमची खात्री आहे ना? गुरुवारी मी त्याच्यावर सही करणार आहे."

खात्री आहे, असं म्हणायला हेमांगीने तोंड उघडलं आणि ती थांबली. अहवालाच्या शेवटच्या पानावर किरकोळ घटकांची यादी होती. त्यातल्या दोन ओळी तिने पहिल्यांदा नजरेआड केल्या होत्या. एरंडेलातच सापडणारं एक आम्ल. तिला वाटलं होतं, यंत्राचं वंगण असेल, एरंडेल वंगणात वापरतात. आणि त्याच्याखाली पोटॅशचे क्षार, भरपूर. एरंडेल आणि राख. आणि अगदी तळाशी, नमुना घेतल्याच्या ठिकाणापुढे लिहिलेलं, खुणवडे.

अरे देवा.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

"गुरुवारपर्यंत तीनच आहेत," सबनीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खुणवड्याला उतरली. बारा वर्षांनी येत होती. रस्ता रुंद झाला होता, खाडीवर नवा पूल होता, पण कारखान्याच्या वळणावर तोच वास आला आणि तिचे पाय आपोआप लगबगीने चालायला लागले. दहा वर्षांची हेमा असती तर पळतच गेली असती.

कारखानाही फारसा बदलला नव्हता. आता बाहेर सगळीकडे काजू यंत्राने फुटायचा, पण यंत्राने गराचे तुकडे होतात. अख्खा, हाताने सोललेला गर परदेशातल्या दुकानांत मोठ्या मानाने विकला जायचा, पाकिटावर हसऱ्या बाईचं चित्र लावून. केनवडेकरांच्या नातवाने तोच धंदा धरून ठेवला होता. तो त्या दिवशी मुंबईला गेलेला होता, हे बरंच झालं.

"इलंस?" शेवंता बी वाळवायच्या खळ्यातून हात पुशीत आली. "कितकी बारीक झालंस गो! जेवतंस काय नाय?" आणि कालचा राग विसरून तिने हेमांगीला पोटाशी धरलं. एरंडेल, राख आणि शेवंता. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

खळ्याच्या कडेला, आंब्याच्या सावलीत दोघी बसल्या. शेवंताने पेजेचं भांडं पुढे ठेवलं.

"शेवंता, दिल्लीचो साहेब नमुनो न्येवक इलेलो. तो नमुनो कोणी भरल्यान?"

"आमीच. मगे कोण भरतला? साहेब?" शेवंताला त्या आठवणीने हसू आलं. "तो बापडो घामाघूम झालेलो. तो बंदरावर जाईसर ट्रक हय इलेले, म्हणान तो हय इलो. पायात ते पिशये घातलेले, हातात पिशये, तोंडाक फडको. त्येका सावलेत बसयलो, कढी दिली. म्हटला, बस तू बाबा, आमी देतो."

"आणि?"

"आणि काय? पाहुण्याक बारकी, कुजकी बी देवची? चांगल्या चाळीस बायका लावलंय कामाक. पोरी पण बसल्यो. एकेक बी पारखून घेतली, पदरान पुसली, तळहातावर चोळून चकचकीत केली, मगे पिशयेत भरली. म्हटला, ही दिल्लीक जातली, खुणवड्याचा नाव खराब होता नये."

हेमांगीने डोळे मिटून घेतले. पंचवीस किलो बी, एकेक करून पुसलेली. कासोराच्या हातांचा जो काही ठसा होता तो पदराला लागून गेला होता आणि त्या जागी खुणवड्याचा बसला होता. सरकारी माणसाला असा नमुना जगात दुसऱ्या कोणी भरून दिला नसता. इथे मात्र वेगळं काही घडणंच शक्य नव्हतं. तिच्या आईनेही हेच केलं असतं.

"पोरी म्हणजे?"

"माझी नात, तन्वी. अकरा वर्षांची. आणि शेजारची दोघा. ती धाकटी नऊ वर्षांची. शाळा सुटली की येतत, साल काढतत." हेमांगीचा चेहरा बघून शेवंताचा आवाज चढला. "अशी काय बघतंस? आपण नाय बसलेलंव?"

"बसलेलंव," हेमांगी म्हणाली. "शेवंता, यंत्र सांगता की हे हात घाबरलेले असत. महिनोन् महिने. तुमका भीती कसली?"

खळ्यावर बी पसरणाऱ्या बायका इकडे बघत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून शेवंता हळू आवाजात बोलायला लागली.

"काम चालू झाला की दरवाजाक भायरसून कुलूप. काजू भायर जाव नये म्हणान. एकदा भट्टीत धूर झालो, अर्धो तास कोणी उघडूक नाय. मागच्या साली आमच्यातल्या सुरंगान हातमोजे मागल्यान. दुसऱ्या दिवशी ती कामावर नाय, तिची सून नाय, तिच्या वाडयेतल्या चार बायका नायत. तेव्हापास्ना कोणी तोंड उघडणा नाय." तिने खांदे उडवले. "भीती कसली म्हणा, सवय झाली."

"पूर्वी असा नव्हता," हेमांगी म्हणाली. "आपल्या वेळी कसा सगळा... गाणी काय, मस्करी काय..."

शेवंताने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीवच होती म्हणा ना.

"गाणा कशाक म्हणायच्यो बायका, ठावक असा तुका?"

"मन रमूक."

"मन रमूक! अगो, तोंड गाण्यात गुतला की काजू खावक गावणा नाय. मुकादमाचो नियम होतो तो. गाणा थांबला की तो वळान बघी, कोणाचा तोंड हलता ता. आता मी मुकादम झालंय, माका सगळा कळला. आणि तुझी आवस आपल्याक टेबलाखाली कशाक बसवी?"

हेमांगीने मान हलवली. तिला ते ऐकायचं नव्हतं.

"तपासणीचो साहेब इलो तर पोरा दिसूक नको म्हणान. तू इस्कॉलरशिप मिळवन गेलंस लवकर, तुका कळूक नाय. ती पाकळी तुका देय ना, ता करताना आवशीक एकदा पकडलेली. आठ दिवस घरात बसवल्यांनी तिका. तुका सांगल्यान काय, की सुट्टी घेतलंय."

ती सुट्टी हेमांगीला आठवत होती. आई आठ दिवस घरी होती! रोज संध्याकाळी दोघी खाडीवर फिरायला जायच्या, आईने तिला घावणे करून घातले होते. तिच्या बालपणातला तो सोन्याचा आठवडा. आई खाडीकडे बघत किती तरी वेळ बोलायचीच नाही, हेही तिला आता आठवलं. ती रडायला लागली, सत्तावन्न वर्षांची बाई, चांगली हुंदके देऊन, आणि शेवंता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळाने शेवंता म्हणाली, "हेमा, माझा आयक. तू दिल्लीक इतकाच सांग, नमुनो चुकलो. ता खोटा नाय मा?"

"नाय. खोटा नाय."

"मगे झाला तर. कासोराचो माल चालू, आमचो कारखानो चालू. पुढचा काय सांगू नको. परदेशातल्या लोकांका कळला की त्या पाकिटावरच्या बाईचे हात असे असत, तर ते आमचो काजू घेवचे नाय. तुझ्या यंत्रान आमचीच माती होतली."

हेमांगीने गोदामातलं एक शिवलेलं पोतं स्वतः हातमोजे घालून उघडलं, त्यातली बी डब्यात भरली आणि ती पुण्याला परत निघाली. शेवंताला तिने कसलाच शब्द दिला नाही.

बुधवारी दुपारी न हाताळलेल्या नमुन्याचा निकाल आला. कासोरा, अठ्ठावन्न. म्हणजे साठच्या दोन पावलं अलीकडे. भीती होती, वयं मोठी होती, पण लहान हात सापडले नाहीत. आता बोला! ज्यांना आपण शिक्षा करायला निघालो होतो ते अठ्ठावन्नावर, आणि आपण एक्क्याऐंशीवर.

तिने सबनीसांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाई, मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे म्हणून सांगतो," ते म्हणाले. "अहवालात दोनच शब्द लिहा, नमुना दूषित. तो होताच. कासोराचा फेरनमुना मर्यादेच्या आत, तेव्हा निर्बंध नकोत. विषय संपला. तुमच्या गावाचं नाव कुठेच येत नाही."

"आणि ते कुलूप?"

"कुलूप हा परराष्ट्र धोरणाचा विषय नाही."

"कासोरातलं कुलूप आहे, आणि खुणवड्यातलं नाही?"

सबनीसांनी सुस्कारा सोडला. "उद्या अकराला बैठक आहे. विचार करा."

तिने विचार केला. तो कसला विचार, डोक्यात नुसती खाडीकाठची ती आठ दिवसांची सुट्टी फिरत होती. ती दहा वर्षांची असताना, एकोणीसशे शहाण्णव साली, कोणी हा कारखाना बंद पाडला असता तर आईला मजुरी मिळाली नसती, हेमा वेंगुर्ल्याच्या हायस्कूलला गेली नसती आणि आज हे यंत्रही नसतं. हे खरं होतं. आणि त्याच साली कोणी येऊन आईला नुसतं विचारलं असतं, बाई, तुला भीती कसली वाटते, तर? कोणी आलं नाही. साहेब आले, तेव्हा पोरी टेबलाखाली गेल्या आणि साहेब चहा पिऊन परत गेले.

संध्याकाळी तिने शेवंताला फोन केला. "मी उद्या सगळा सांगतलंय," ती म्हणाली. "कुलूप, पोरी, सुरंगा, सगळा. पण मी एकटीन सांगान उपयोग नाय. उद्या अकराक शाळेच्या संगणकावर ये. समितीक तू सांग, तुमका काय व्हया ता."

"तू पुण्यात रवतंस," शेवंता म्हणाली. "सुरंगाचा काय झाला ता तुका सांगलंय मी. विश्वासान सांगलंय." आणि फोन बंद झाला. हेमांगीने परत लावला, तीनदा लावला. उचलला नाही.

गुरुवारी अकराला समितीचे नऊ जण पडद्यावर जमले. हेमांगीने दोन्ही आकडे पुढे ठेवले आणि एकाही गोष्टीवर पांघरूण घातलं नाही. टेबलाखालचे दिवससुद्धा सांगितले. सांगताना आवाज फुटला, पण ती थांबली नाही. मग एकच गोंधळ उडाला. एक जण म्हणाला, हे बाहेर गेलं तर आपला सगळा काजू परदेशात अडकेल. दुसरा म्हणाला, मग कासोराला कुठल्या तोंडाने विचारायचं? तिसऱ्याला यंत्रच चुकीचं वाटायला लागलं. परवापर्यंत ते बरोबर होतं बरं का!

"एका कारखान्यासाठी आपण देशाचं धोरण ठरवायचं का?" पहिला म्हणाला.

"त्या बायकांचं म्हणणं ऐका," हेमांगी म्हणाली. "मी त्यांना बोलावलंय." तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकटीकडे बघितलं. खुणवडे, प्राथमिक शाळा. नुसता फळा दिसत होता, त्यावर काल कोणीतरी लिहिलेला पाढा. सव्वाअकरा झाले. सबनीसांनी घड्याळाकडे बघितलं.

मग फळ्यापुढे पदर दिसला. शेवंता येऊन बसली. तिच्यामागे एकेक करून बायका येत गेल्या, बाकं भरली, काही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कामाचा दिवस, कामाची वेळ, आणि त्या सगळ्या कुलपाच्या बाहेर होत्या. शेवंताने तिच्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही शेवंता कुबल?" सबनीसांनी मराठीत विचारलं. बाकीच्यांसाठी ते हिंदी करून सांगणार होते.

"व्हय. आणि ही सुरंगा. हिका काढल्यांनी ती." शेजारची म्हातारी बाई मान खाली घालून बसली होती. "आदी इचार केलेलंय, येवचा नाय म्हणान. मगे सुरंगाच्या घराक गेलंय. ती म्हणाली, चल."

"डॉक्टरबाईंनी सांगितलं ते खरं आहे?"

"खरा."

"मग तुमचं म्हणणं काय? तुमचा माल परदेशात बंद झाला तर तुम्ही घरी बसाल. कासोराचा बंद झाला तरी घरी बसाल. आम्ही काय करावं?"

शेवंताने पदर सावरला. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेली ती बाई सरळ कॅमेऱ्यात बघून बोलली. "बंद करू नका, साहेब. बंद करना लय सोपा असता, तुमी सही केलास की झाला. कुलूप काढूक सांगा. हातमोजे देवक सांगा. पोरांका आमी उद्यापास्ना नेवचा नाय, ता आमचा चुकला. आणि जो काजू घेता, त्येका सांगा, कुलूप काढल्याशिवाय घेव नको, पण काढल्यावर घे. मालकान मान्य केल्यान तर आमी कामाक, नायतर हय बसलेलंव."

मागून कोणीतरी "व्हय व्हय" म्हणालं. सबनीस हिंदीत सांगत गेले, आणि तो पहिला सदस्य, ज्याला धोरणाची काळजी होती, तोही लिहून घ्यायला लागला.

"हेच कासोराला लावता येईल," सबनीस स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "बंदी नाही, अटी घालायच्या. आधी आपल्याकडे, मग त्यांच्याकडे, एकाच मापाने. बघू या जमतं का." मग ते शेवंताकडे वळले. "बाई, तुम्ही फार मोठं काम केलंत. अजून काही सांगायचंय?"

"सांगूचा नाय, इचारूचा असा." आता पहिल्यांदा तिने हेमांगीकडे बघितलं. अजून रागावलेलीच होती ती, पण नजर सरळ होती. "हेमा, आमका तुमी आज इचारलात. त्या कासोराच्या बायकांका कोणी इचारल्यान काय, की तुमका काय व्हया?"

सबनीसांनी तो प्रश्न हिंदीत सांगितला. मग त्यांनी तो पुन्हा एकदा सांगितला.

सहा वर्षांत हेमांगीच्या यंत्राने अठरा देशांतले लाखो हात वाचले होते. त्यातल्या एकाशीही ती बोलली नव्हती.

"नाय गो शेवंता," ती म्हणाली. "कोणी इचारूक नाय. मी पण इचारूक नाय."

"मगे आदी इचारा," शेवंता म्हणाली, आणि कासोराच्या बायकांना कुठली भाषा येते ते ती सबनीसांना विचारायला लागली.